मी पेटायला नकार दिला

आधीच सांगून टाकतो, मी गीझर नाही. पाहुणे येतात, स्वयंपाकघरात मान वर करून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "केवढा मोठा गीझर हो तुमचा!" मी आतल्या आत धुमसतो. गीझरची धाव एका न्हाणीघरापुरती. मी बॉयलर आहे. या घरात प्रत्येक खोलीत भिंतीला जे लोखंडी रेडिएटर आहेत, त्यांच्यातून फिरणारं गरम पाणी माझं. नळाला येतं तेही माझंच. थंडीत हे घर उबदार असतं ते माझ्यामुळे, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

माझ्या पोटात गॅसची ज्योत आहे. डोक्यावरून एक जाड नळी निघते आणि भिंतीतून आरपार मागच्या अंगणात जाते. तिच्यातूनच मी ताजी हवा आत घेतो आणि धूर, वाफ बाहेर सोडतो. माझं नाकच म्हणा ना. पुढच्या अंगाला बोटभर लांबीची काचेची पट्टी आहे, तिच्यावर आकडे उमटतात. मला बोलायचं असेल तर तेवढ्यावरच भागवावं लागतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्र्याचा खोका, तांब्याच्या नळ्या, पंखा, पंप असं एकेक करत मला रूप आलं. शेवटच्या टेबलाशी एक तपासनीस बाई बसायच्या. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. त्यांनी मला पहिल्यांदा पेटवलं, छोट्या काचेतून माझी निळी ज्योत पाहिली आणि शेजारणीला हाक मारली, "अगं, हा बघ, काय सुरेख पेटलाय!" त्या एका वाक्यावर मी अजून मिजास करतो.

पण पेटवण्याआधी त्यांनी मला एक शिस्त लावली होती. आधी प्रश्न विचारायचे, मग पेटायचं. पंखा बंद आहे, म्हणजे नळीत वारा नाही ना? नाही. बरं, आता पंखा लावला, वारा बाहेर जातोय का? जातोय. पाणी फिरतंय का? फिरतंय. मगच गॅस, मगच ठिणगी. एकाही प्रश्नाचं उत्तर भलतं आलं, तर काचेवर आकडा दाखवायचा आणि हटून बसायचं. बाईंनी मुद्दाम माझ्या नळीच्या तोंडावर पुठ्ठा धरला. मी पेटलो नाही. "शाबास," त्या म्हणाल्या. काम न केल्याबद्दल शाबासकी मिळालेला या घरात मी एकटाच असेन.

मला घरी आणलं ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. रस्त्याच्या वळणावर त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आजींचे गुडघे दुखायला लागले, गरम पाण्याच्या बादल्या उचलवेनात, तेव्हा मास्तर मला घेऊन आले. बसवायला आलेल्या माणसाने त्यांना बजावलं, "मास्तर, याच्या अंगावर काही म्हणजे काही घालायचं नाही." मास्तरांनी मान डोलावली.

हे बजावणं किती गरजेचं होतं ते मला पुढे कळलं. दुकान बंद केल्यावर मास्तरांचे हात रिकामे राहीनात. त्यांनी घरातल्या वस्तूंना कव्हरं शिवायला सुरुवात केली. मिक्सरला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला कव्हर, स्टुलाला कव्हर, छत्रीच्या कव्हराला कव्हर. शिलाई मशीनचं कव्हर तर आतून अस्तर लावलेलं. सूनबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात हसून म्हणाल्या, "बाबा, मी एका जागी फार वेळ बसत नाही, नाहीतर मलाही शिवाल." मास्तर खो खो हसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सूनबाईंच्या पाण्याच्या बाटलीला कव्हर शिवलं. मला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. दिलेला शब्द ते पाळत.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. आजी रोज ओल्या फडक्याने माझा चेहरा पुसायच्या. मग सवय झाली आणि सवयीच्या वस्तूला कोण पुसतं? माझ्या डोक्यावर धूळ साचली. वर्षातून एकदा तपासून घ्या, असं लिहिलेला कागद माझ्या पोटावर चिकटवला होता, तो वाफेने सोलून पडला आणि केराबरोबर गेला. मी कधी कुरकुरलो की येता-जाता मास्तरांचा मुलगा एक धपाटा घालायचा. तेवढ्यात मी आपोआप ठीक व्हायचो आणि श्रेय धपाट्याला मिळायचं. तरी मी काम चोख करत राहिलो. शेजारचा फ्रीज दिवसभर गुरगुरतो आणि काम काय, तर भाज्या गार ठेवणं. असो, मला कुणाची निंदा करायची नाही.

त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि सूनबाईंना मुलगीही लवकर झाली. दिवस भरायच्या बऱ्याच आधी. मास्तर दवाखान्यात जाऊन आले आणि खुर्चीत बसून राहिले. "टेप पूर्ण उलगडायचीसुद्धा गरज नाही," ते आजींना म्हणाले. आयुष्यभर माणसांना मापात बघितलेले ते. त्यांना दुसऱ्या शब्दांत सांगता येईना.

मुलगी काही आठवडे दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती. मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण खोली सतत गरम हवी. तिला अजून स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. खोली गार पडली तर परत दवाखान्यात आणावं लागेल, आणि मग पुढचं आम्ही सांगू शकत नाही.

मुलाने घरी येऊन हे सगळ्यांना सांगितलं आणि मग, कुणी बघत नाहीसं पाहून, माझ्या पत्र्यावर हात ठेवला. "आता सगळी भिस्त तुझ्यावर रे बाबा." धपाटा नाही, हात. मला इतकं भरून आलं की पंप दोनदा खोकला.

तिच्यासाठी छोटी खोली ठरली. ती स्वयंपाकघराला लागूनच आहे, तिचं दार माझ्या समोरच उघडतं. माझी ऊब पहिल्यांदा तिथे पोचते म्हणून ती निवडली. पाळणा आला, जाड पडदे लागले. मास्तर खोलीभर फिरून हाताने वारा चाचपत होते. खिडकीच्या फटी त्यांनी कापडाच्या वळकट्यांनी बुजवल्या. मग ते माझ्यापाशी आले. मी बंद होतो आणि बाहेर जोराचा वारा होता. माझी नळी जिथून भिंतीत शिरते तिथे त्यांनी हात धरला. गार झुळूक लागली.

आता मास्तरांचा विचार ऐका, कारण तो वेड्याचा विचार नव्हता. नळीचं तोंड उघडं, म्हणून वारा आत येतो. तोंड कायमचं बंद केलं तर वाफ जाणार कुठून? मग शर्टाच्या खिशाला असते तशी झडप ठेवायची. आतून वाफेचा जोर आला की झडप उचलली जाईल, जोर संपला की खाली पडेल. बॉयलरच्या अंगावर काही घालायचं नाही हा शब्द दिलेला होता, पण हे बॉयलरचं अंग कुठे? ही तर बाहेरची नळी.

त्यांनी जाड कॅनव्हास घेतला, आत अस्तर, तोंडाला इलॅस्टिक, दुहेरी शिलाई. मुलगी घरी यायच्या आदल्या संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन ते नळीला चढवलं आणि आत येऊन मला लावलं. मला जरा दम लागल्यासारखं वाटलं, पण वारा जात होता, म्हणून मी पेटलो. मास्तरांनी बाहेर जाऊन पाहिलं, झडप झकास उचलली जात होती. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटलं नाही. घरात कव्हर शिवलं जाणं ही बातमी नव्हती.

माझीच वाफ त्या कापडात मुरत गेली. कापड ओलं झालं. रात्री मला बंद केल्यावर पहाटेच्या थंडीने ते गोठलं आणि झडप फळीसारखी ताठ होऊन तोंडावर बसली.

सकाळी मुलाने मला लावलं. मी पहिला प्रश्न विचारला, ठीक. पंखा लावला, दुसरा प्रश्न विचारला. वारा बाहेर जातोय का? नाही. पुन्हा विचारलं. नाही. मी काचेवर इंग्रजी ई आणि त्यापुढे तीन दाखवला आणि हटून बसलो. ई तीन म्हणजे, माझं नाक बंद आहे, धुराला वाट नाही, मी पेटणार नाही.

"ई तीन म्हणजे काय?" मुलाने विचारलं. 

"माहितीचं पुस्तक होतं ना बरोबर आलेलं," आजी म्हणाल्या.

"मी नीट ठेवलंय," मास्तर म्हणाले. त्यांनी ते इतकं नीट ठेवलं होतं की ते आजतागायत सापडलेलं नाही.

मग रिसेटचं बटण. माणसं हे बटण कशी दाबतात ते बघण्यासारखं असतं. मुलाने आधी हळूच दाबलं, मग जोरात, मग दातओठ खाऊन. आजींनी दाबण्याआधी हात पुसले. मास्तरांनी दाबून कान लावला. प्रत्येक वेळी मी प्रामाणिकपणे पंखा लावला, प्रश्न विचारला, तेच उत्तर मिळालं आणि तोच आकडा दाखवला. शेवटी काही वेळ मी बटणालाही दाद देईनासा झालो.

"ऐन वेळेला दगा दिला बघ याने," मुलगा म्हणाला. हे मला लागलं. आजही लागतं. पण त्याची दवाखान्यात जायची वेळ झाली होती, चेहरा उतरला होता, म्हणून मी मनावर घेतलं नाही असं म्हणतो. त्याने मेव्हण्याला फोन केला आणि तो निघाला.

मेव्हणा म्हणजे सूनबाईंचा भाऊ. घरात त्याला सगळे उद्योगी म्हणतात. स्वभावाने लाघवी, बहिणीवर जीव, आणि हातात स्क्रूड्रायव्हर आला की देवालाही न घाबरणारा. त्याने दुरुस्त केलेला टेबलफॅन आजही चालतो, फक्त वारा मागच्या बाजूला फेकतो.

"मावशी, काळजी करू नका," तो कव्हर घातलेल्या स्टुलावर चढत म्हणाला. "ताई घरात पाऊल टाकेल तेव्हा घर गरमागरम असेल." त्याने माझा पुढचा पत्रा काढला आणि फोनवर कुठलासा व्हिडिओ लावला. थोड्या वेळाने त्याचे डोळे चमकले. "सापडलं! हा वाऱ्याचा स्विच. वारा जातोय की नाही ते हा सांगतो. हाच बिघडलाय. पंखा तर फिरतोय, मग हा नाही कसा म्हणतो? एक तार टाकतो आणि डायरेक्ट करून टाकतो."

डायरेक्ट करणं म्हणजे काय, ते सांगतो. वारा जातो तेव्हाच स्विचच्या दोन टोकांतून वीज जाते, आणि त्यावरून मला उत्तर कळतं. ती दोन टोकं तारेने एकमेकांना बांधली की उत्तर कायमचं 'हो'. नळी मोकळी असो की बंद, मला कळणार 'हो'. मग मी पेटणार. आणि धुराला बाहेर वाट नसली की तो घरात परत येणार. त्या धुरात जे विष असतं त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती झोप येते. समोर छोट्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत मास्तर पाळण्यातली दुपटी इस्त्रीने गरम करून घडी घालत होते.

मी काय करणार? मला हात नाहीत. ओरडायला तोंड नाही. काचेवर ई तीन तेवढा धरून ठेवला होता.

त्याने तार जोडली आणि मला लावलं.

मी पहिला प्रश्न विचारला. पंखा अजून बंद आहे, म्हणजे नळीत वारा नाही ना? उत्तर आलं, वारा आहे.

पंखा फिरण्याआधीच वारा? मी काय काल जन्मलो? ज्या बाईंनी माझ्या नळीवर पुठ्ठा धरला होता, त्यांनी मला हाही डाव दाखवून ठेवला होता. मी पंखा लावलाच नाही. काचेवरचा तीन पुसला आणि ई चार दाखवला. ई चार म्हणजे, कुणीतरी माझ्याशी खोटं बोलतंय. माझ्या आयुष्यातला एखादाच क्षण पुन्हा जगायला मिळाला, तर मी हा मागेन.

"अरेच्चा, चार आला," उद्योगी म्हणाला. "आकडा पुढे सरकला मावशी. प्रगती आहे!"

आजी खाली उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सकाळपासून कितीदा बटण दाबलं, दरवेळी तीनच आला ना?"

"हो."

"तू तार लावलीस आणि चार आला."

"हो, म्हणून तर म्हणतोय..."

"म्हणजे त्याला कळलं की तू काहीतरी केलंस."

उद्योगी थांबला. पण थांबून तो वाईट विचार करायला लागला, म्हणजे हुशारीचा. "बरोबर! त्याला आधी वारा नको असतो. मग असं करू, तार आत्ता सोडतो, पंखा सुरू झाला की पटकन जोडतो. मग कळणार नाही त्याला."

आता खरं बोलतो. या युक्तीपुढे मी हरलो असतो. पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर, दुसऱ्याला खोटं, आणि ते ओळखायचं माझ्याकडे काही साधन नव्हतं. मी पेटलो असतो, निळा, सुरेख, आणि बाहेरून येणारी ती पोर... मला पुढचा विचार करवत नव्हता. माझ्या काचेवर एवढीच जागा आहे आणि तिच्यावर लिहायचं ते मी लिहून चुकलो होतो.

त्याने तार सोडली. बोटांत धरली. दुसरा हात बटणाकडे गेला.

"खाली उतर," आजी म्हणाल्या.

"मावशी, एकच मिनिट..."

"खाली उतर म्हणते ना. मी यांच्याबरोबर संसार केलाय." त्यांनी छोट्या खोलीकडे मानेने खूण केली. "एकच नकार दहा वेळा आला तर तो हट्ट समजावा. पण आपण डाव बदलला आणि नकारही बदलला, म्हणजे आत कारण आहे. ते कारण कळल्याशिवाय माझ्या नातीच्या खोलीशेजारी काही पेटवायचं नाही."

"पण गारठ्यात आणायचं तिला?"

"गारठ्याचं बघू. गारठा दिसतो तरी."

तो खाली उतरला. आजींनी त्याच्या हातातली तार घेऊन पदरात खोचली आणि फोन लावला. या भागात एक मेकॅनिक बाई बॉयलर दुरुस्त करतात. आवाज खणखणीत, मला पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"आकडा काय?"

"आधी तीन होता. मग चार."

"आपोआप चार झाला?"

आजींनी उद्योगीकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. "नाही," आजी म्हणाल्या. "घरचाच मुलगा आहे, तार लावून बघितली."

"आता तार काढलीय? बरं. खिडकी उघडा, त्याचा गॅस बंद करा आणि मी येईपर्यंत त्याला हात लावू नका. बॉयलरला म्हणतेय मी. त्या मुलाला लावायचा असेल तर लावा."

मेकॅनिक बाई यायच्या आधी मुलगी आली. सूनबाई दारातून आत शिरल्या आणि त्यांना गारठा जाणवला. कोट काढायला घेतलेला हात तसाच थांबला. आजींनी पटपट हालचाल केली. सूनबाईंना छोट्या खोलीतल्या पलंगावर बसवलं, बाळाला त्यांच्या छातीशी उघड्या अंगाला लावलं, वरून एकावर एक पांघरुणं. शेगडीवर पाणी तापवून रबरी पिशव्या भरल्या आणि आजूबाजूला ठेवल्या. माझं काम ती शेगडी करत होती. मला मान खाली घालावीशी वाटली, पण मी भिंतीला चार बोल्टांनी ठोकलेला आहे.

"पायाची बोटं गार लागतायत हिची," सूनबाई म्हणाल्या.

मास्तर पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि दुपटी चोळून गरम करत राहिले.

मेकॅनिक बाई आल्या त्या धापा टाकत. अवजारांची पेटी खाली ठेवली, पलंगाकडे एक नजर टाकली आणि थेट माझ्यासमोर. त्यांनी उघड्या पत्र्यातून आत बॅटरी मारली, स्विच तपासला. "स्विच उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पंखाही उत्तम. कोण तो उद्योग करणारा?"

उद्योगी पुढे झाला.

"तू मठ्ठ असतास तर मला भीती वाटली नसती," बाई म्हणाल्या. "याने तीन दाखवला म्हणजे बाहेर काहीतरी अडलंय. एवढंच सांगत होता बिचारा. नळी बाहेर कुठे निघते?"

"मागे," मास्तर उठले. "चला, मी दाखवतो." मागच्या दाराशी ते फक्त बाईंना म्हणाले, "तिला मी कालच झडपेचं कव्हर शिवलंय, तुम्ही बघाच."

बाई जागच्या जागी थांबल्या, मग मास्तरांच्या मागे गेल्या.

पुढचं मी नळीतून ऐकलं. आधी कापडाआडून काही कळेना. मग करकर आवाज झाला, बर्फ मोडल्याचा, आणि एकदम सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं. गार हवा माझ्या छातीत शिरली.

मास्तर म्हणाले, "संध्याकाळी उघडत होती हो. मी स्वतः पाहिलं."

"उघडत असणार. कोरडी होती तोवर."

"म्हणजे त्या पोराची तार चालली असती तर..."

"चालली नाही ना. चला आत, थंडी आहे." मग पावलं थांबली. "मास्तर, आत मी एवढंच सांगेन की बाहेर अडलं होतं, ते काढलं. काय अडलं होतं ते सांगणं माझं काम नाही."

बाई आत आल्या, पत्रा बसवला, गॅस सुरू केला, रिसेटचं बटण एकदाच दाबलं. वारा नाही ना? नाही. आता जातोय का? जातोय! मी पेटलो. असा पेटलो की बाईंनी छोट्या काचेतून बघून मान हलवली. पाणी नळ्यांतून धावत सुटलं. छोट्या खोलीतला रेडिएटर कुटकुट वाजला आणि तापायला लागला.

"काय झालं होतं?" सूनबाईंनी पलंगावरून विचारलं.

"बाहेर अडलं होतं. काढलं," बाई म्हणाल्या. "आकडा दिसला की बटण एकदा दाबायचं. परत आला तर मला फोन. आणि वर्षातून एकदा याला उघडून बघू द्या. फार इमानी आहे हा." फार इमानी! मी पूर्ण तापमानाला पोचेपर्यंत ते शब्द घोळवत होतो.

बाई गेल्या. खोली गरम झाली, पांघरुणं एकेक करून उतरली. मुलगा हसायला लागला, उद्योगी भाचीला बोट धरायला देऊन बसला. आजींना सगळं कळलं होतं का, ते मला सांगता येणार नाही. पण मास्तर काही त्या खोलीत जाईनात. ते स्वयंपाकघरात माझ्याखाली उभे राहिले. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मी तर सांगू शकतच नाही.

सूनबाई बाळाला खांद्यावर घेऊन पाणी प्यायला आल्या.

"सूनबाई," मास्तर म्हणाले, "नळीवर कव्हर मी घातलं होतं. ते गोठलं. सकाळपासून जे झालं ते माझ्यामुळे."

सूनबाईंनी पेला खाली ठेवला. त्या हुशार आहेत, त्यांना सगळं लागोपाठ उलगडत गेलं असावं, कव्हर, तार, उघडं दार. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बाबा," त्या एवढंच म्हणाल्या. मग बाळाला घट्ट धरून छोट्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मास्तर तिथेच उभे होते. या माणसाच्या शिलाईला आयुष्यात कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांना हाताची पाठ लावली. मला त्यांना सांगायचं होतं की मास्तर, तुम्ही ऊब द्यायला निघाला होतात, मीही तेच करतो, आपण एकाच धंद्यातले. पण काचेवर तेव्हा पाण्याचं तापमान होतं, आणि त्या क्षणी मला तेच बोलता येत होतं.

जेवणं झाली. मास्तर जेवले नाहीत. आजींनी आग्रह केला नाही. भांडी आवरत आली तेव्हा छोट्या खोलीचं दार उघडलं. सूनबाईंचे डोळे सुजलेले होते. त्या सरळ मास्तरांपाशी आल्या.

"बाबा, हिला धरा जरा. मी जेवून घेते."

मास्तरांनी आधी हात धोतराला पुसले, मग माझ्या गरम नळीला लावून गरम केले, दोन्ही बाजूंनी. मग हात पुढे केले. सूनबाईंनी बाळाला त्यांच्या हातांत ठेवलं, डोक्याखालचा हात नीट करून दिला आणि पाठ फिरवून ताट वाढून घेतलं. त्या पूर्ण जेवण होईपर्यंत एकदाही मागे वळल्या नाहीत.

त्या घटनेला बरीच वर्षं झाली. माझा पंप आता थकलाय. एक-दोन भाग बदलायला हवेत आणि ते कुठे मिळत नाहीत. मेकॅनिक बाईंनी हे सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, "अजून एक थंडी काढेल की." बाई म्हणाल्या, "काढेल. पण म्हाताऱ्याला किती राबवायचं?" उद्या नवा येतोय. त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ आकडे बोलता येतात म्हणे. तो एखाद्या सकाळी हटून बसला तर एवढं करा, धपाटा घालण्याआधी तो काय म्हणतोय ते वाचा. आमच्यातलं कुणी उगाच नाही म्हणत नाही.

उद्याचं उद्या. आत्ता ती पोर न्हाणीघरात आहे. शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आत शिरली. गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडलाय आणि मोठमोठ्याने, अगदी बेसूर गातेय. सूनबाई दारावर थाप मारून ओरडतायत, "अगं, पुरे! किती वेळ! गरम पाणी संपेल!"

संपणार नाही. मी ज्योत मोठी केलीय. तिला गाऊ दे.